झाकलेली गाळणी

वारा पहाटेच सुटला होता आणि डेपोच्या कार्यशाळेवरचा एक सुटा पत्रा तेव्हापासून आपटत होता. मध्येच थांबायचा. संपलं एकदाचं म्हणून माणूस कामात मान घालतो न घालतो, तोच पुन्हा धाडकन. वरच्या मजल्यावर खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या, तरी टेबलांवर धुळीचा थर होताच. की-बोर्डवर बोटं ठेवली की दातांत कचकच झाल्यासारखं वाटायचं.

त्या खोलीत एक बाई फोन कानाला लावून येरझारा घालत होती. बसून फोन करणं तिला कधी जमलंच नाही. फोनची तार होती तेव्हा तारेएवढ्या वर्तुळात फिरायची. तार गेली तशी सगळी खोली तिची झाली.

"अहो, मशिनं लावली का?"

पलीकडे नदीकाठच्या डेपोतला लेखनिक होता. "कुठली मशिनं?"

"रोजचीच. तुमच्या चौघा वाहकांची तिकीटमशिनं अजून खोबणीत नाहीत. कालचा आकडा अर्धामुर्धा आलाय."

"गळ्यात घालूनच घरी गेले असतील, बाई. आता काय, त्यांच्या बायकांना फोन करू?"

"करा की. फक्त कोण विचारतंय म्हणाल्या तर माझं नाव घेऊ नका."

तो खो-खो हसला आणि फोन ठेवून दिला. हे रोजचंच होतं. पाळी संपली की वाहकानं गळ्यातलं मशीन भिंतीवरच्या खोबणीत ठेवायचं, म्हणजे दिवसभराची तिकिटं आणि पास वर कॉम्प्युटरात चढायचे आणि सकाळी तिच्या रिपोर्टांत उतरायचे. अर्धे वाहक विसरायचे. मग सकाळी ही एकेका डेपोच्या मागे लागायची. तिच्या कामाला साहेब 'विश्लेषण' म्हणत. ती घरी नवऱ्याला सांगायची, "मी लोकांना मशीन खुंटीला लाव म्हणून सांगायचा पगार घेते." पंखे दुरुस्त करणारा तिचा नवरा म्हणायचा, "मी लोकांना बटण दाबून बघा म्हणून सांगायचा घेतो. आपलं बरं जमलं."

सगळा डेपो तिला गाळणीबाई म्हणे. तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे, कारण नाव तिनं स्वतःच ओढवून घेतलं होतं. आधी ती खाली पासच्या खिडकीवर होती. जाळीच्या पलीकडून आलेले हात बघून माणूस शाळेतला की गिरणीतला ते ओळखायची. मग वर कॉम्प्युटर आले, कुणीतरी शिकायला पाहिजे होतं, आणि हिचे पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून हिलाच पाठवलं. शिकून आली ती रिपोर्टांचं वेड घेऊन. मार्गांचा रिपोर्ट, उशिरांचा रिपोर्ट, पाळ्यांचा, डिझेलचा, तिकिटांचा. प्रत्येकाला वरच्या बाजूला फिल्टर. कुठला डेपो, कुठला महिना, आठवड्यातला कुठला वार. डेपोतल्या जुन्या मंडळींना फिल्टर म्हटलं की पाण्याचं मशीन आठवायचं. तेव्हा हिनं चहाच्या भांड्यावर गाळणी धरून दाखवली होती. "सगळा आठवडा ओतायचा. सोमवार निवडला तर खाली फक्त सोमवार येणार. बाकीचा वर राहतो. फेकला जात नाही, फक्त दिसत नाही." त्या दिवसापासून ती गाळणीबाई.

पण खरं नाव झालं ते पुढे. बैठकीत रोज भांडणं व्हायची. पाळ्या लावणारे काका एक आकडा घेऊन यायचे, डिझेलवाला दुसरा, आणि साहेबांच्या हातात तिसराच. एकाच गाडीबद्दल तिघं तीन तोंडांनी बोलायचे. एकानं गाळणी मार्चची लावलेली असे, दुसऱ्यानं वर्षाची, तिसऱ्यानं लावलेलीच नसे. तासभर आवाज चढवून झाला की मग कुणाच्या तरी लक्षात यायचं. तोवर चहा गार आणि माणसं गरम.

हिनं महिनाभर खपून पाचही रिपोर्टांच्या गाळण्या एकमेकींना बांधल्या. एका रिपोर्टात डेपो निवडला की बाकीच्या चारांत तोच. महिना बदलला की सगळीकडे बदलला. बैठकीच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर तिनं ते करून दाखवलं तेव्हा डिझेलवाला म्हणाला, "म्हणजे आता भांडायचं कशावरनं?" आणि साहेब, जे सहसा कौतुकाच्या वाटेला जात नसत, ते म्हणाले, "बाई, तुम्ही आमची बैठक अर्ध्यावर आणलीत."

साहेब म्हणजे वाहतूक अधिकारी. जाड भिंगांचा चष्मा, चटकन येणारा राग. त्यांची एकच तक्रार होती. मार्गांच्या रिपोर्टात वरच्या गाळण्यांच्या पट्ट्या फार जागा खातात, अक्षर बारीक होतं, दिसत नाही. "त्या वारांच्या पट्टीचं मला काय काम? काढून टाका." काढली असती तर बांधलेली साखळी तुटली असती. म्हणून हिनं ती झाकली. पट्टी दिसत नव्हती, पण काम करत होती. आकडे मोठे झाले, पान मोकळं झालं. तिला स्वतःलाही ते पान बघून छान वाटलं होतं. आवरलेल्या ओट्याकडे बघताना वाटतं तसं.

मध्यंतरी तळ्यापलीकडची गाडी बंद झाली, त्यावरून एक बाई अर्ज घेऊन आली होती. खांद्यावर पोराचं दप्तर, केस वाऱ्यानं विस्कटलेले. "अहो, गाडी भरून जायची हो," म्हणत होती. हिनं तिला मोठ्या पडद्यासमोर नेऊन आकडा दाखवला होता. अगदी प्रेमानं. त्या बाईनं आकड्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे, मग दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि गेली.

आज सकाळचे फोन संपवून ही खुर्चीत टेकते न टेकते तोच शिपाई साहेबांकडून एक कागद घेऊन आला. मार्गांच्या रिपोर्टाचं पान. त्यावर लाल पेनानं एक ओळ गोल केलेली, आणि समासात साहेबांचं अक्षर : 'खाणवस्ती. सकाळची फेरी. सरासरी नऊ प्रवासी. महिनाअखेरीस बंद. स्वच्छ प्रत पत्रासोबत जोडावी. आजच्या टपालात.'

तिनं ती ओळ वाचली, आणि पत्रा धाडकन वाजला तशी दचकली.

खाणवस्तीला तिची थोरली बहीण राहत होती.

ताईचा नवरा दगडाच्या खाणीत होता, पाठ गेली तसा घरीच. ताई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला. सकाळची पाळी. शंभर-दीडशे रोग्यांचा नाश्ता वेळेत गेला नाही तर तिथला मुकादम बोलतो, तीनदा बोलला की माणूस बदलतो. खाणवस्तीहून शहरात यायला ती एकच गाडी. ती गेली तर खाणीच्या रस्त्यानं, दगडाच्या ट्रकांच्या चाकांतून, अंधारात चालत. ताईचा एक गुडघा आधीच कुरकुरत होता.

तिनं फोन उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"बोल गं छोटे," ताई म्हणाली. मागे भांड्यांचा खणखणाट. "लवकर बोल, माझ्या हातात झारा आहे."

"ताई, तुमची सकाळची गाडी किती भरते?"

"भरते म्हणजे? उभं राहायला जागा नसते. परवा माझी चप्पल एकीकडे आणि मी एकीकडे. चालकाच्या मांडीवर बसायचं तेवढं बाकी आहे."

"ताई, खरं सांग."

"खरंच सांगते! का?"

हिनं श्वास घेतला. "नऊ माणसं असतात म्हणे."

"कोण म्हणतं?"

"रिपोर्ट."

"मग त्या रिपोर्टाला म्हणावं उद्या माझ्याशेजारी उभा राहा. त्याचाही पाय तुडवून घेऊ."

आता ताईचं हे असंच. लहानपणापासून. घरात एक उंदीर दिसला तर ताईच्या तोंडून बाहेर जाईपर्यंत त्याची फौज व्हायची. आई म्हणायची, हिच्या बोलण्याचे निम्मे करा आणि मग त्याचे निम्मे. त्यामुळे ही जरा वैतागून म्हणाली, "अगं, मी स्वतः येते ना त्या गाडीनं. मला दिसतं की. मागची सगळी बाकं रिकामी असतात. मी पाय पसरून बसते."

पलीकडे झारा कशावर तरी आपटला. "तू येतेस," ताई म्हणाली. "तू येतेस पाहुणीसारखी. सुट्टीच्या दिवशी, केस धुऊन. तुला काय माहीत रोज कसं येतात ते. पण काय झालं? बंद करणार आहेत का?"

"नाही. म्हणजे. बघते मी."

"छोटे. बंद झाली ना, तर माझी नोकरी गेली. सरळ सांगते. मग मी तुझ्याकडे येऊन राहीन, तुझा नवरा आणि मी मिळून पंखे दुरुस्त करू."

हसत म्हणाली, पण फोन ठेवताना 'ठेवते गं' म्हणाली नाही. ताई नेहमी म्हणायची.

मग दुपारभर हिचा जीव थाऱ्यावर नव्हता. कागद उचलायचा, ठेवायचा. पाणी प्यायला उठायचं आणि ग्लास न भरताच परत यायचं. स्वच्छ प्रत काढायची म्हणजे बटण दाबायचं, त्यात काही अवघड नव्हतं. पण पान उघडावं, बटण दाबावं म्हटलं तरी बोट तिथं जाईना. डोक्यात किडा वळवळत होता, आणि तो किडा ताईचा होता की आकड्याचा, तेच तिला कळत नव्हतं. आकडा चुकलाय असं वाटायला तिच्याकडे कारण एकच होतं : आपल्या माणसाचं नुकसान होतंय. बाकी सगळं आकड्याच्या बाजूनं. रिपोर्ट तिनं केलेला. गाडी तिनं डोळ्यांनी पाहिलेली. उद्या साहेबांसमोर जाऊन ती म्हणणार काय? साहेब, माझी ताई म्हणते?

साहेबांना ताईबद्दल माहीत होतं. ताईनं एकदा इस्पितळातून येताना डब्यातलं काहीतरी आणून सगळ्या खोलीला वाटलं होतं आणि साहेबांना 'घ्या हो, लाजू नका' म्हणाली होती.

ती खाली आवारात गेली. वाऱ्यानं कागद, पानं, धूळ सगळं एका कोपऱ्यात गोळा करून गोल फिरवत ठेवलं होतं. खाणवस्तीच्या फेरीचा वाहक टाकीजवळ तोंड धूत होता. हिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"गर्दी? विचारू नका," तो म्हणाला. "बरगड्या मोजून घेतो मी उतरल्यावर."

पण तोही तसंच म्हणणार. त्याचीही ती सोयीची पाळी होती. घर खाणीच्या नाक्यावर. हिला वाटलं, ज्याला त्याला आपली गाडी भरलेलीच दिसते. आणि मला? मला ती रिकामी दिसली तर ती रिकामी कशी काय? विचार अर्धवट आला आणि पत्र्याच्या आवाजानं उडून गेला.

वर आली तर पाळ्यांचे काका तिच्या टेबलाशी उभे. निवृत्तीला आलेले, कानात पेन, खिशात दुसरं पेन, आणि तरी दर वेळी पेन मागणारे.

"बाई, एक काम होतं. तुमचं ते मार्गांचं पान साहेबांना मीच काढून दिलं काल. बैठकीच्या खोलीतनं. अक्षर छान मोठं आलं. तसंच मला पाळ्यांचं द्या की करून. त्या वारांच्या पट्टीत मला बाई फार शोधावं लागतं."

"बैठकीच्या खोलीतनं कशाला? तुमच्या टेबलावर आहे ना कॉम्प्युटर."

"तिथला पडदा मोठा. मी सुट्टीच्या पाळ्या तिथंच लावतो हल्ली. रविवारी कोण येणार, कोण नाही. दर आठवड्याची कटकट. रविवार निवडायचा, बघायचं, लिहून घ्यायचं."

"आणि मग?"

"मग काय? मग दिवा बंद करून येतो."

"रविवार काढत नाही?"

काकांनी कानातलं पेन काढलं, बघितलं, परत ठेवलं. "काढायचा असतो?"

ती तशीच निघाली. पुढे हे काका सगळ्यांना रंगवून सांगत, की बाई माझ्या अंगावरून गेली, वळून बघितलंसुद्धा नाही, मला वाटलं आग लागली.

बैठकीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड होता. साहेब आले, काका आले, डिझेलवाला आला, कॉम्प्युटरच्या लेखी माणूस एकच. एकानं जे निवडून ठेवलं ते दुसऱ्यासाठी तसंच राहायचं. हेही हिनंच ठरवलेलं, सोय म्हणून.

तिनं मार्गांचा रिपोर्ट उघडला. मोकळं, स्वच्छ पान. खाणवस्ती, नऊ. कुठं काही खूण नाही, शंका यावी असं काही नाही. मग तिनं झाकलेली पट्टी उघडी केली.

सोमवार ते शनिवार कोरे. रविवारावर बरोबरची खूण.

ताई म्हणाली होती, सुट्टीच्या दिवशी, केस धुऊन. ती खुर्चीत बसली. गेल्या कित्येक महिन्यांत ती या खोलीत पहिल्यांदा बसली असेल. मग हात लांब करून तिनं रविवारची खूण काढली आणि आलेखातली खाणवस्तीची बुटकी दांडी भराभर उंच होत गेली, शेजारच्या दोन दांड्यांच्या वर. त्रेसष्ट. गाडीत बसायच्या जागा चव्वेचाळीस.

तिला आधी हसू आलं. ताई या खेपेला कमीच बोलली होती.

मग हसू गेलं. काका दर आठवड्याला इथं येत होते. दर आठवड्याला रविवार निवडून दिवा बंद करत होते. आणि साहेबांनी या खोलीतून बघितलेलं, काढलेलं प्रत्येक पान त्या गाळणीतून आलं होतं. तिनं स्क्रीनवर बोट खाली खाली नेलं. तळ्यापलीकडची गाडी, बंद व्हायच्या आधीचा महिना. तिथली दांडी खाणवस्तीएवढी नव्हती. गाडी खच्चून नव्हती भरत. पण बसायच्या बहुतेक जागा भरत होत्या, रोज, सोमवार ते शनिवार.

दप्तरवाल्या बाईला तिनं सात दाखवले होते. ते आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर नव्हे, याच खोलीत आणून, मोठ्या पडद्यावर. नीट दिसावं म्हणून.

साहेबांच्या टेबलावर पत्र टाइप होऊन पडलं होतं. फक्त सही आणि ती स्वच्छ प्रत राहिली होती. टपालाची पिशवी दाराशी, शिपाई शेजारी.

"आणली?" साहेब वर न बघता म्हणाले.

"साहेब, खाणवस्तीचा आकडा चुकीचा आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमची बहीण तिकडंच असते ना?"

"हो."

"त्याच गाडीनं येते?"

"त्याच. म्हणून तर दुपारपासून तुमच्याकडे आले नव्हते. आता आलेय ते बहिणीसाठी नाही. म्हणजे बहिणीसाठी पण आहे." तिनं दार उघडं धरलं. "चूक माझीये. दोन मिनिटं बैठकीच्या खोलीत चला. मी बोलत नाही, तुम्हीच बघा."

साहेब पत्र हातात घेऊनच कुरकुरत उठले. वाटेत म्हणाले, "बाई, तुमच्या त्या बहिणीनं मला एकदा लाजू नका म्हटलं होतं. माझ्या नोकरीत तसं कुणी म्हटलेलं नाही."

पडद्यासमोर हिनं काहीच समजावलं नाही. पट्टी उघडी होतीच. रविवार लावला : नऊ. काढला : त्रेसष्ट. पुन्हा लावला. पुन्हा काढला. साहेब पुढे वाकून बघत राहिले. दांडी खाली-वर होत होती. मग त्यांनी स्वतः माऊस घेतला आणि एकदा स्वतःच्या हातानं करून पाहिलं.

"ही पट्टी मी काढून टाकायला सांगितली होती," ते म्हणाले.

"तुम्ही काढायला सांगितली होती. मी काढली नाही, झाकली. काढली असती तर बरं झालं असतं. तुमच्या पानावर आठवडा आला असता. झाकलेली चालू राहिली आणि काकांचा रविवार तुमच्या पानावर आला. एका रिपोर्टात निवडलं की सगळीकडे जातं. तेच तर मी बांधलं."

"म्हणजे दोष त्या बांधण्याचा."

ते बांधणं हे तिचं इतक्या वर्षांतलं एकच असं काम होतं की जे बघून माणसं चकित झाली होती. आता साहेब 'तोडा ते' म्हणाले की पुन्हा तीन माणसं, तीन आकडे, आणि गार चहा. पण तिनं स्वतःला आवरलं.

"तोडायचं तर तोडते. पण मला वाटतं दोष झाकण्याचा. गाळण्या एकत्र राहू देत, पण कुठली लागलीये ते प्रत्येक पानावर वर, मोठ्या अक्षरात दिसलं पाहिजे. पान छापलं तरी त्यावर आलं पाहिजे. आणि या खोलीतून माणूस बाहेर पडला की सगळ्या गाळण्या आपोआप मोकळ्या व्हायला पाहिजेत. तुमच्या अक्षराला जागा कमी पडेल."

"पडू द्या. मी चष्मा बदलेन."

त्यांनी खाणवस्तीचं पत्र मधोमध फाडलं. शांतपणे, घडी घालावी तसं. वळून निघाले. हिला वाटलं, आता जाऊ द्यावं. गाडी वाचली. ताईची नोकरी वाचली. कुणी काही विचारलं नाही. पत्र्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली,

"साहेब, तळ्यापलीकडची."

साहेब दारातच थांबले. पाठमोरेच. खांद्यांवरून कळलं, त्यांना समजलं होतं.

"किती होते?" त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं.

"तिथून अर्ज आला होता."

"हो. मीच आकडा दाखवून परत पाठवलं."

साहेब परत येऊन खुर्चीत बसले. "ती गाडी दुसऱ्या डेपोला दिली आपण. बंद करायला माझी सही पुरते. चालू करायला वरची मंजुरी लागते. विचारतील, तेव्हा कमी होते आणि आता जास्त कसे? काय लिहू मी?"

"जे झालं ते."

"तुमचं नाव येईल त्यात."

"येऊ द्या."

"माझंही येईल," साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच जरा हसल्यासारखं केलं. "आणि काकांचं लिहिलं तर त्यांच्या निरोप समारंभात मला तोंड दाखवायला जागा नाही. काकांचं नको लिहायला. त्यांनी काही लपवलं नाही."

पत्र दोघांनी मिळून लिहिलं. साहेब सांगत, ही टाइप करी. मध्येच उठे, खिडकीपर्यंत जाई, परत येऊन एखादा शब्द बदले. साहेब म्हणाले, "बसा हो बाई, मला फिरत्या पंख्याला मजकूर सांगतोय असं वाटतंय." शिपाई टपालाची पिशवी घेऊन ताटकळत उभा होता. शेवटी पत्र पिशवीत गेलं.

संध्याकाळी ताईचा फोन तिनं घरी, ओट्याशी उभं राहून घेतला.

"राहते का गाडी?"

"राहते."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? अगं, शंभर माणसं असतात."

"त्रेसष्ट, ताई."

"त्यात माझ्या कुशीत घुसलेल्या पिशव्या धरल्या का?" ताई खळखळून हसली. मग हळू आवाजात, "छोटे, तुला काही बोलले नाहीत ना कुणी?"

"नाही गं." ती भिंतीवरच्या डागाकडे बघत होती. तळ्यापलीकडून तिला कुणाचाच फोन येणार नव्हता. ती बाई आता पोराला शाळेत कशी नेत असेल, चालत की सायकलवर मागे बसवून, की शाळाच बदलली, यातलं हिला काहीच माहीत नव्हतं. अर्जावर नाव होतं. पण तेव्हा तिनं नाव वाचलं नव्हतं. "ताई, पुढच्या आठवड्यात मी सोमवारी येते तुझ्याकडे. रात्री राहीन आणि सकाळी तुझ्याबरोबर त्याच गाडीनं येईन."

"जुनी चप्पल घालून ये," ताई म्हणाली. "ठेवते गं."

रात्री नवरा म्हणाला, "झोप की आता. कूस किती बदलशील? खाटेला चाकं लावू का?"

सकाळी वारा तसाच होता. कार्यशाळेच्या छपरावर कुणीतरी चढलं होतं. त्या सुट्या पत्र्यावर दोन दगड ठेवले होते, त्यामुळे आता तो धाडकन न वाजता करकरत होता. तिनं मार्गांच्या रिपोर्टावरची झाकलेली पट्टी कायमची उघडी केली. पान भरून गेल्यासारखं दिसू लागलं, ओट्यावर सगळी भांडी काढून ठेवावीत तशी. पाचही रिपोर्टांवर, वर जाड अक्षरांत ओळ आली : 'वार : सर्व'. तिनं ती दोनदा वाचली. मग मार्गांची यादी खाली ओढली. तळ्यापलीकडच्या ओळीसमोर रकाना रिकामा होता, आणि पत्राला उत्तर येईपर्यंत तो रिकामाच राहणार होता. तिनं तिथून नजर काढली. खाली नदीकाठच्या डेपोची ओळ. ती अर्धीच भरलेली.

ती उठली, फोन कानाला लावला आणि दारापर्यंत चालत गेली.

"अहो, मशिनं लावली का?"